टायर आतूनच का झिजतो? कुर्ल्याची पद्मिनी आणि आरेचा रस्ता

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातले "अं" आणि "तर मग" शक्य तितके काढलेत, थोडे राहिलेत, ते गोड मानून घ्या.

आजचा विषय आहे जुन्या गाडीचा टायर. तो एकाच बाजूने का झिजतो, आणि त्यावरून गाडीच्या पोटात काय बिघडलंय हे कसं ओळखायचं. इतिहासाच्या कार्यक्रमात हे कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. पण मुंबईत हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "रस्ते बघा ना आपले!" विषय संपला. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. रस्त्याचा दोष आहेच, पण उरलेला अर्धा दोष गाडीच्या रचनेत आणि आपल्या सवयींमध्ये आहे, आणि त्या दोन्ही गोष्टींना सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

आमच्याकडे १९८८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी घेतलेली. आता ती मी चालवते, आठवड्यातून दोनतीनदा, बहुतेक वेळा आरेतूनच. गोरेगाव पूर्वेला राहणाऱ्याला पवईच्या बाजूला जायचं तर दुसरा सोपा रस्ता नाही. आईला दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यावं लागतं, तेही याच गाडीतून, कारण तिला उंच गाडीत चढता येत नाही. एका पावसाळ्यानंतर डाव्या पुढच्या टायरचा आतला काठ तुळतुळीत झालेला दिसला. एके ठिकाणी तर रबराखालचे धागे डोकावत होते. बाहेरचा काठ मात्र जवळजवळ नवा. शेजारी उभं राहून पाहिलं तर टायर एकदम ठणठणीत. स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवून, खाली वाकून पाहिल्यावरच खरी गोष्ट कळते. कायद्याने मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असायला हव्यात. इथे आतल्या काठाला खाचच नव्हती. पुढचा टायर हायवेवर फुटला तर काय होतं हे सांगायला नको.

त्याआधीच्या सहा महिन्यांत एका दुकानातून दोनदा व्हील अलाइनमेंट करून झालं होतं. दोन्ही वेळा कॉम्प्युटरचा कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, रोड खराब आहे. आणि ही गाडी आता भंगारात द्या." तर आधी रस्त्याचंच बघू.

१९४० च्या दशकात मुंबई शहरात ठिकठिकाणी म्हशींचे तबेले होते. घाण, डास, आणि दुधात पाणी. हे तबेले शहराबाहेर हलवायचे या कल्पनेमागे मुख्य माणूस होता दारा खुरोडी. १९४९ साली आरे मिल्क कॉलनी उभी राहिली. १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले, सुमारे १६,००० जनावरं. १९५१ साली पंडित नेहरू येऊन इथे रोप लावून गेले. खुरोडींना पुढे १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वारली आणि इतर आदिवासी पाडे इथे त्याच्या कितीतरी आधीपासून होते, तो वेगळा भाग होईल. आजही आरेतला पत्ता "युनिट नंबर अमुक" असाच सांगतात, आणि युनिट म्हणजे तबेला.

आपल्या कामाचा मुद्दा असा, की आतले रस्ते होते ते या कॉलनीचे. दुधाच्या गाड्या, चाऱ्याचे ट्रक, शेणाच्या गाड्या आणि रविवारी छोटा काश्मीरला येणारे सहलवाले, एवढ्यांसाठी. पुढे १९७३ साली सीप्झ आलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी फिल्मसिटी आली, मग पवईला टॉवर झाले. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून पूर्वेकडे जाणाऱ्या सगळ्यांना आरेचा रस्ता सापडला. रस्ता मात्र दुग्धविकास खात्याकडे. ज्या खात्याचं काम दूध, त्याने डांबर किती ओतावं? नंतर तो महापालिकेकडे गेला, काँक्रीटही पडू लागलं. पण मधली कितीतरी वर्षं पावसाळ्यात त्या रस्त्याने टायर आणि कमरा दोन्ही झिजवल्या.

रस्त्याचा दोष नेमका कुठे येतो? पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता ठेवतात. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे गाडी कायम किंचित डावीकडे ओढली जाते. तुटलेली कड, साचलेलं पाणी, पाण्याखालचा खड्डा, हे सगळं डाव्या चाकाच्या नशिबी. आरेत तर उतारावरचं पाणी रस्ता ओलांडून मिठी किंवा ओशिवरा नदीकडे जातं. म्हणून डावं चाक आधी बिघडतं, हे रस्त्याचं देणं. पण मग आतलाच काठ का? रस्ता तर पूर्ण टायरखाली असतो! याचं उत्तर कुर्ल्यात आहे.

वालचंद हिराचंद सोलापूरचे. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही इथेच बनवायच्या असा त्यांचा हट्ट. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला क्रायसलर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. मग फियाट आली. फियाट ११०० हे मॉडेल इटलीत १९५३ साली आलं आणि लगेचच कुर्ल्यात पोहोचलं. १९६४ पासून इथे ११०० डी बनू लागली. तीच गाडी सत्तरच्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. नाव बदललं, गाडी तीच. २००० च्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत खालचा सांगाडा जवळपास तसाच राहिला.

त्या काळाच्या मानाने ही रचना चांगली होती. पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र, वर आणि खाली आर्म, मध्ये गोल स्प्रिंग. मागे सरळ आख आणि पाटे. आणि पुढचं चाक ज्याच्याभोवती वळतं ती उभी लोखंडी दांडी, म्हणजे किंगपिन. आजच्या भागाचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, हाच.

किंगपिनची गोष्ट मोटारीपेक्षा जुनी आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया आठवा. त्यात पुढचा अख्खा आख मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. वळताना चाक पार गाडीखाली यायचं. म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्याने त्यावर उपाय शोधला: आख स्थिर ठेवायचा आणि प्रत्येक चाकाला स्वतःची खुंटी द्यायची. लंडनमध्ये अ‍ॅकरमन यांनी १८१८ साली त्याचं पेटंट घेतलं, म्हणून नाव अ‍ॅकरमनचं झालं. जगात असं नेहमीच होतं, चालायचंच.

किंगपिन म्हणजे चाकाची बिजागरी. दांडीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला बुश असतात आणि त्यात ग्रीस लागतं. दर काही हजार किलोमीटरला निप्पलमधून ग्रीस गनने ते भरायचं. पाण्यातून गाडी गेली तर लवकर भरायचं, कारण पाणी ग्रीस धुऊन नेतं आणि जाताना बारीक माती ठेवून जातं. ग्रीस आणि माती मिळून जे होतं तो पॉलिश पेपरच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमची गाडी रात्रभर अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. बाबांनी पाणी ओसरताच इंजिनाच्या आधी ग्रीस बदलून घेतलं होतं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

बुश झिजला की काय होतं? जुन्या कपाटाचं दार जसं ओघळतं तसं चाक ओघळतं. टायर जमिनीला टेकतो ती जागा किंगपिनच्या बाहेरच्या बाजूला असते. गाडीचं वजन आतून खाली दाबतं, जमीन बाहेरून वर ढकलते. त्यामुळे ढिल्या बिजागरीवर चाकाचा माथा आत झुकतो. या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. माथा आत झुकला की भार आतल्या काठावर. झालं, मिळालं उत्तर? थांबा. आतला काठ झिजण्याचं आणखी एक कारण असतं, आणि ते वगळल्याशिवाय किंगपिनवर आरोप ठेवता येत नाही.

ते कारण म्हणजे टो. वरून पाहिलं तर दोन्ही पुढच्या चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली आहेत की फाकलेली, यात अगदी थोडा फरक असतो. पण तो भारी पडतो. हिशेब करा: एक चाक फक्त अर्धा अंश तिरकं असेल, तर प्रत्येक किलोमीटरला सुमारे पावणेनऊ मीटर ते आडवं घासलं जातं. दहा हजार किलोमीटरला ८७ किलोमीटर. दादरहून निघालात तर लोणावळ्याच्या आसपास पोहोचाल, टायर आडवा फरपटत.

दोन्हींमधला फरक हाताला कळतो. टायरवरून तळहात आडवा फिरवायचा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं टोचलं, तर टो बिघडलाय. दोन्ही दिशांना सारखंच गुळगुळीत आणि फक्त एक काठ उतरलेला, तर कॅम्बर. दोन्ही काठ झिजून मधला भाग शाबूत, तर हवा कमी ठेवलीत. फक्त मध्य झिजला, तर हवा जास्त. आणि टायरच्या परिघावर ठरावीक अंतराने खोलगट वाट्या पडल्या असतील, तर शॉकअप गेलाय, बॅलन्सिंग नाही, किंवा बेअरिंग सैल आहे. तिथे चाक रस्त्यावर चालत नसतं, उड्या मारत असतं. फेंडर दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिरावली तर शॉकअप ठीक. दोनतीन वेळा डुलली तर गेला.

आमच्या टायरवर दोन्ही खुणा होत्या. काठ उतरलेला आणि थोडी करवतही. इथे मला आरे चेकनाक्याजवळचे एक मिस्त्री भेटले. साठी उलटलेली, उमेदीची वर्षं टॅक्सीच्या फियाटांखाली गेलेली. त्यांनी कॉम्प्युटरचे कागद बघितलेच नाहीत. चाक जॅकवर उचललं, एक हात टायरच्या माथ्यावर, एक तळाशी, आणि हलवलं. टक्. आवाज माझ्याही कानाला आला.

"ताई, आता आत बसा आणि ब्रेक दाबून ठेवा."

पुन्हा हलवलं. पुन्हा टक्.

ही युक्ती लक्षात ठेवा. ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागची पाठ एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे बेअरिंगचा ढिलेपणा लपतो. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. थांबलं नाही तर दोष त्याच्या मागे, म्हणजे किंगपिन किंवा आर्मचे बुश. मग त्यांनी आर्मखाली टॉमी घालून बुश तपासले, ते बरे निघाले. चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं, म्हणजे टाय रॉडचे जॉइंट कळतात. एक जॉइंट सैल होता, करवत त्याची. शेवटी दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावली. पद्मिनीला हे अंतर २,३४० मिलिमीटर असतं. पाट्यांचा मधला बोल्ट तुटून आख सरकला असेल तर एका बाजूला फरक पडतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. आमची सरळ होती. एवढ्याला वीस मिनिटं लागली. हत्यारं म्हणाल तर जॅक, टॉमी, टेप आणि ब्रेकवर ठेवायला माझा पाय.

मग यंत्राचे हिरवे आकडे खोटे होते का? नाही. गाडी उभी होती, चाकं ज्या जागी बसली होती ते कोन खरेच होते. पण किंगपिन सैल असेल तर रस्त्यावर चाक तिथे राहत नाही. ब्रेक दाबला की एकीकडे, खड्डा आला की दुसरीकडे. ज्या बिजागरीला खेळ आहे तिचा कोन मोजून काय मिळणार? आधी ढिलेपणा काढायचा आणि मग अलाइनमेंट. हा क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात आणि टायर तिसऱ्यांदा.

हा क्रम त्या मुलाला का माहीत नव्हता? त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली. तिच्यात किंगपिन नाही, पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि बंद बॉल जॉइंट. ग्रीस भरायचं नाही, झिजला की फेकायचा. शिवाय ती पुढच्या चाकांनी ओढली जाते. पद्मिनीला मागची चाकं ढकलतात, त्यामुळे चालताना पुढची चाकं जराशी फाकतात आणि उभ्या गाडीत तोंडं थोडी आत ठेवावी लागतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत उलट. ज्याने आयुष्यभर दुसऱ्या प्रकारच्याच गाड्या पाहिल्या त्याच्या हाताला हे कुठून कळणार? टायरही बदलले. पद्मिनीला मुळात ५.२०-१४ मापाचे क्रॉसप्लाय असायचे. मुंबईत टायर बनतही होते, शिवडीला फायरस्टोन आणि १९५८ पासून भांडुपला सीएट. आता बहुतेक जण रेडियल घालतात, चांगलंच आहे, फक्त पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय असं कधी करू नका. वळणावर मागची बाजू सुटते.

मिस्त्रींच्या पिढीला हे का येत होतं, त्याचंही कारण आहे. लायसन्स राजमध्ये गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. बाजारात मोटारी मोजून तीन: अ‍ॅम्बॅसेडर, फियाट, स्टँडर्ड. नवी मिळत नाही म्हणून जुनी टिकवायची, आणि मॉडेल बदलतच नाही म्हणून एका गाडीवर शिकलेलं पुढच्या तीस वर्षांच्या गाड्यांना लागू. लोक त्या काळाला स्थैर्याचा काळ म्हणतात. मला ती ग्राहकाची कोंडी वाटते. पण त्या कोंडीतून दुरुस्तीची जी विद्या तयार झाली ती अव्वल होती, हेही मान्य करायला हवं.

ही विद्या आता झपाट्याने संपतेय. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. बातम्यांत सगळ्यांनी काळ्या-पिवळ्या रंगाच्या आठवणी काढल्या. मिस्त्रींची अडचण वेगळी आहे. टॅक्सी होत्या तोवर किंगपिनचा सेट कुठल्याही दुकानात मिळायचा. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दोन फेऱ्या मारून मला एक जुना, न वापरलेला सेट मिळाला. तो नुसता ठोकून बसत नाही. बुश दाबून बसवला की तो आतून किंचित आवळतो, मग रीमर फिरवून भोक मापात आणावं लागतं. पिन हाताने सरकली पाहिजे, पण हलता कामा नये. लेथवाला आजारी होता म्हणून मिस्त्रींनी रीमर हातानेच फिरवला, दर अर्ध्या फेऱ्याला पिन घालून बघत. दुपार गेली.

नंतर ग्रीस भरलं, चाक उचलून. चाक खाली असताना दाबाच्या बाजूला ग्रीस पोहोचत नाही. टाय रॉडचा जॉइंट बदलला. टो त्यांनी खडू आणि लाकडी पट्टीने लावला, आणि मी मुद्दाम त्याच यंत्रावर जाऊन तपासला. आकडे हिरवे. तीन हजार किलोमीटरनंतर नव्या टायरची खोली मोजली: आत ६.८, मध्ये ७, बाहेर ६.९ मिलिमीटर. आई मागे बसते तेव्हा मी आता हायवेची लेन घेते. गाडीचं पुढचं नूतनीकरण २०२८ ला आहे, तोवर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ग्रीस.

तुमच्याकडे पद्मिनी नसेल, जुनी मारुती किंवा सँट्रो असेल, तरी क्रम हाच. किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश म्हणा. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी आपापल्या टायरचे फोटो पाठवले होते, सगळे बाहेरून काढलेले. पुन्हा पाठवणार असाल तर स्टिअरिंग फिरवा, वाका, आणि आतल्या काठाचा काढा.